आई-बाबा दोघंच वाईला, आईचं विसरणं वाढलंय: कागदपत्रं आणि बाई, सल्ला हवाय

कृष्णाकाठची_लेक:
नमस्कार. बाबा ७९, आई ७४. मी पुण्यात नोकरीला, भाऊ न्यू जर्सीत. आईला स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे असं डॉक्टर म्हणाले. गेल्या महिन्यात तिचा चेक परत आला. सहीत तिने माहेरचं नाव लिहिलं होतं. लग्नाला ५२ वर्षं झालीत. बाबांनी तो चेक माझ्यापुढे ठेवला आणि चष्मा पुसत बसले.
घर बाबांच्या नावावर. आईच्या एकटीच्या नावावर दोन एफडी आहेत.
मृत्युपत्र करावं की बक्षीसपत्र (घर आत्ताच मुलांच्या नावे देऊन टाकणं)? कुलमुखत्यारपत्र (दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार) लागेल का? दिवसभरासाठी बाई कशी शोधावी? बजेट कागदपत्रांना सगळं मिळून २० हजार, बाईंना महिना १२ हजार. त्यापुढे खरंच झेपणार नाही.

ठाणेकर६२:
बक्षीसपत्र करून मोकळे व्हा. राहतं घर मुलांना बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, स्थानिक अधिभार असेल तर तो वेगळा. आम्ही २०१९ ला केलं. सकाळी गेलो, जेवायला घरी.

मधली_सून:
बक्षीसपत्राच्या वाटेला जाऊ नका! सासऱ्यांनी घर थोरल्या दिरांना लिहून दिलं आणि सहा महिन्यांत सासूबाईंचं देवघर जिन्याखाली गेलं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम २३ खाली, तो दस्त रद्द व्हावा म्हणून प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज केला. तिथे पहिला प्रश्न आला, सांभाळायची अट दस्तात कुठे आहे? ती कोणी लिहिलीच नव्हती. दोन वर्षं खेटे घातले.

ठाणेकर६२:
ताई, सगळीच मुलं तशी नसतात. माझे वडील आजही त्याच खोलीत राहतात.

दस्त_आणि_दावे:
दोघांचंही खरं आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सांभाळण्याच्या अटीवर हस्तांतरण झालं हे सिद्ध करावं लागेल. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावून मध्य प्रदेशातल्या एका आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द केलं. पण म्हातारपणी कोर्टाची पायरी चढायची कशाला? मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालतं, हवं तेव्हा बदलता येतं. दोन साक्षीदार हवेत, शक्यतो ज्यांना काही मिळणार नाही असे. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. आणि आईंना हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क आहे, हे स्वतंत्र वाक्य त्यात हवंच.

एडिसनचा_मोरे:
नोंदणीला +१. भावाला सांगा, तुमच्या नावे मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीतून करून पाठव. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा असतो. मी चुकलो, विमानाचं तिकीट काढून परत यावं लागलं.

सुखवस्तू_कोथरूड:
दोघांना पुण्यातच आणा. माझी आई स्मृतिभ्रंशाच्या केंद्रात आहे, महिना ५५ हजार. रोज व्यायाम, भजन, नर्स चोवीस तास. पैसे उभे राहतात हो, वाईचं घर विका.

मधली_सून:
त्यांनी १२ हजार लिहिलंय.

नॉमिनी_लावा:
एवढं कशाला? सोसायटीत नॉमिनी लावा, मृत्युपत्राची गरजच नाही.

दस्त_आणि_दावे:
नॉमिनी हा विश्वस्त असतो, मालक होत नाही. हक्क वारसाने किंवा मृत्युपत्रानेच येतो.

नॉमिनी_लावा:
आमच्या सोसायटीने तर सरळ नाव चढवलं.

दस्त_आणि_दावे:
नाव चढवलं म्हणून मालकी आली नाही. भावंडांनी अजून विचारलं नाही, एवढंच.

निवृत्त_शाखाधिकारी:
सगळे घराबद्दल बोलताहेत, मला आईंच्या एफडीची काळजी वाटते. ३४ वर्षं बँकेत काढली, हे फार वेळा पाहिलं. आपण मुखत्यारपत्रावर विसंबतो, पण आपल्याकडे देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र संपतं, १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१. त्यानंतर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं आणि तोवर आईंचे पैसे आईंच्याच औषधाला मिळत नाहीत. त्यामुळे आईंना कळतंय तोवर, याच आठवड्यात, एफडीवर बाबांचं नाव जोडा, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ अशा सूचनेवर, आणि नॉमिनी लावा. सकाळी न्या, तेव्हा डोकं ताजं असतं. समज आहे असा डॉक्टरांचा त्याच दिवसाचा दाखला सोबत ठेवा. पुढे नुसता हात थरथरला तर अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवाही मागता येते.
आणि दोघांची आयुष्मान वय वंदना कार्डं काढा. सत्तरीपुढे उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार.

सुखवस्तू_कोथरूड:
कार्ड काढाच. पण केंद्राचाही विचार करा, मी मनापासून सांगतोय.

भुईंजची_आशा:
बाईसाठी बाया पुरवणाऱ्या ब्युरोकडे जाऊ नका, दर महिन्याला बाई बदलते आणि अशा पेशंटला नवा चेहरा सोसत नाही. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या आया-मावशी वाईत विचारा. आधारची प्रत घ्या, पोलिसांत नोंद करा आणि पहिला आठवडा स्वतः घरात राहा.

एडिसनचा_मोरे:
ब्युरोच बरा. मावशी सुट्टीवर गेल्या तर बदली कोण देणार?

कृष्णाकाठची_लेक:
सगळ्यांचे आभार, शाखाधिकारी काकांचे विशेष. काल सकाळी एफडीचं काम झालं. साहेबांनी फॉर्म मोठ्याने वाचून दाखवला, आईने नीट सही केली आणि विचारलं, “आता तुम्ही कॅलेंडर देत नाही का?” त्यांनी आतून आणून दिलं.
बाकी मात्र तुमचं ऐकलं नाही, रागावू नका. केंद्र नाही, ब्युरो नाही, बाईही नाही. तिला घरात परकं माणूस दिसलं की ती कपाट कवटाळून बसते. माझ्या ऑफिसच्या साहेबांकडे बोलले, आठवड्याचे तीन दिवस वाईहून काम करायला परवानगी मिळाली. उरलेले दिवस शेजारच्या काकू दुपारी येऊन बसणार आहेत. किती दिवस निभेल ते बघू.
मृत्युपत्राची नोंदणीही करत नाही आहोत. बाबांना कचेरीत जायचं नाही. परवा रात्री त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून काढलं, साक्षीला डॉक्टर आणि एक ओळखीचे गृहस्थ. आईच्या राहण्याचं वाक्य सगळ्यात वर घेतलंय. तिचं नाव लिहून झाल्यावर थोडा वेळ थांबले, मग पुढे ‘पूर्वाश्रमीच्या’ असं लिहून तिचं माहेरचं नावही पूर्ण लिहिलं.