कट-कट-कट, पण सो-सोड-सोन: भूतकाळाची रूपं लक्षात ठेवायची तरी कशी?

शिवणवाली_कराड
नमस्कार मंडळी. माझं कराडात लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. शिक्षण दहावी, मराठी माध्यम. मुलगा सहावीत, सेमीला. त्याला शाळेतून क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता मिळालाय, तो मशीनशेजारी बसून ‘गो-वेंट-गॉन’ घोकत असतो. म्हटलं आपणही शिकावं, कारण बाहेरगावची गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवर सरळ इंग्रजीतच लिहितात. पण तक्ता एबीसीडीच्या क्रमानं आहे, डीपर्यंत पोचले की बी विसरलेला असतो. शेवटी ‘ईडी’ लावायचं म्हणतात, मग कटला का नाही? टेअरचं टोर, तर स्टेअरचं स्टोर का नाही? काही युक्ती असेल तर सांगा. ‘पाठांतराला पर्याय नाही’ एवढं मात्र सांगू नका, ते पोराच्या सरांनी सांगून झालंय.

पाटीपेन्सिल
तरी सांगतोच, पर्याय नाही! आम्हाला पाचवीपासून इंग्रजी. अंगणात फेऱ्या मारत तक्ता पाठ केला, अजून झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन.

निवृत्त_मास्तर
झोपेत म्हणता येतं हो, बोलताना सापडत नाही ही खरी अडचण.

ताई, तो एबीसीडीचा तक्ता आधी बाजूला ठेवा. तुमच्या दुकानातच निम्मं व्याकरण पडलंय. कापड धुतलं की आटतं: श्रिंक-श्रँक-श्रंक. त्याच चालीवर ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, सिंक-सँक-संक, रिंग-रँग-रंग. हे एका दोरीत ओवा. त्यात थिंक आणि ब्रिंग ओवू नका, ती थॉट आणि ब्रॉट होऊन बॉटच्या, म्हणजे बायच्या, घरात गेलीत. घालणं आणि फाटणं एका चालीचं: वेअर-वोर-वॉर्न, टेअर-टोर-टॉर्न. स्टेअर आणि केअर मात्र साधी, ईडीवाली. कटसारखी न बदलणारी पुट, शट, हिट, हर्ट, कॉस्ट. सगळ्यांच्या शेवटी ‘ट’ आहे बघा. पण ट दिसला की बदलत नाही असं समजू नका, वाट बघण्याच्या वेटचं वेटिड होतंच. आणि शिवणं, एस-ई-डब्ल्यू, त्याचा उच्चार ‘सो’. ‘स्यू’ म्हटलंत तर गिऱ्हाईक कोर्टात खेचल्यासारखं होईल.

ईडीचंही एक सांगतो, कारण आपल्याकडे सर्रास ‘वॉश-एड’, ‘स्टिच-एड’ म्हणतात. च, श, क, प, फ, स असा श्वासाचा आवाज शेवटी असेल तर नुसता ट: वॉश्ट, स्टिच्ट, प्रेस्ट. आयर्न, मेजर, डाय अशांना ड: आयर्न्ड, मेजर्ड, डाइड. मुळातच ट किंवा ड असेल तरच ‘इड’ वेगळं ऐकू येतं: फेडिड, मेंडिड. लिहायचं तिन्हीकडे ईडीच.

आता नियम का नाही? जुन्या इंग्रजीत स्वर बदलून भूतकाळ करणारी क्रियापदं बरीच होती. हेल्पसुद्धा त्यातलंच. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘होल्पन’ छापलेलं आहे. पुढे तोंडात कमी येणारी बरीचशी हळूहळू ईडीकडे गेली, रोजची टिकली. म्हणून बी, हॅव, डू, से, गो, कम, टेक, मेक, सी, गेट ही सगळ्यात जास्त लागणारीच वाकडी. नव्या क्रियापदांना मात्र सहसा ईडीच, गूगल्ड बघा.

आणि आपण इंग्रजीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. शिव-शिवला, काप-कापला इथवर ठीक. मग धू-धुतला, घाल-घातला, हो-झाला, जा-गेला?

लीड्सची_आई
अगदी! माझी लेक आधी नीट ‘वेंट’ म्हणायची, मग एकदम ‘गोएड’ सुरू केलं. घरी मराठीत ‘मी करलं’. आम्ही टोकत नाही, ‘हो, केलंस ना’ म्हणतो आणि पुढे जातो. इथल्या इंग्रज मुलांचंही असंच होतं. ऐकून ऐकून येतंच. ताई, मोठ्या माणसांना जास्त नडतं ते ‘डिड यू वेंट’. डिड आला की भूतकाळ त्यानं घेतला, पुढचं मूळ रूपच: डिड यू गो, डिडन्ट कट.

शिवणवाली_कराड
मास्तर, श्रंक आजच वापरलं! एकीनं कॉटनच्या ड्रेसबद्दल विचारलं होतं, ‘इट हॅज श्रंक’ असं लिहून पाठवलं. पण एक शंका. कट-कट-कट असेल तर कापतो की कापला, हे कळायचं कसं?

निवृत्त_मास्तर
‘ही कट्स’ म्हणजे कापतो. एस नसेल, ‘ही कट’, म्हणजे कापला. ‘आय कट’ला ती सोय नाही, तिथे यस्टरडे, लास्ट वीक असं काहीतरी जोडायचं. ‘रीड’चं उलटं आहे, लिहायला सारखं, पण भूतकाळात वाचायचं ‘रेड’. मुलाला ते वाक्यात घालून मोठ्यानं वाचायला लावा. आणि हँगचं सविस्तर उद्या लिहितो, तूर्त एवढंच. कपडे टांगले तर हंग, माणसाला फाशी दिली तर हँग्ड. गिऱ्हाइकाला लिहिताना तेवढं जपा.