काल गच्चीवर दाखवलेला पिक्चर, रिबेका (सोसायटी ग्रुप)

कुलकर्णी काकू, ए-२०१: नमस्कार. कालच्या पिक्चरबद्दल बोलायचं होतं. नोटीसमध्ये होतं "जुन्या काळातली प्रेमकथा, सहकुटुंब यावे". म्हणून मी सासूबाईंना धरून धरून जिन्याने वर आणलं, लिफ्टचं काय ते सगळ्यांना माहितीच आहे. सुरुवात छान होती, ते हॉटेल, श्रीमंत विधुर, साधी मुलगी, झटपट लग्न. पण त्या मोठ्या घरात गेल्यावर जे काय सुरू झालं!! ती काळ्या कपड्यातली हाउसकीपर नव्या सुनेला खिडकीशी नेऊन खाली उडी मार म्हणते, हे सहकुटुंब? नातू रात्री आमच्या पलंगावर येऊन झोपला. पिक्चर कोण ठरवतं एवढंच कळावं.

सोनवणे, ए-५०३: काकू तुमचा नातू झोपला तरी, आमच्या हिने दर दहा मिनिटांनी मला उठवून बेडरूमच्या दाराकडे बघायला लावलं 😂

बागूल काका, सी-१०४: प्रोजेक्टरचं भाडं कुठल्या फंडातून दिलं?

शिंदे (सेक्रेटरी): कुलकर्णी काकू, आपली भावना समजली. पिक्चरची निवड सांस्कृतिक समितीने केली आहे. कृपया सर्वांनी संयम ठेवावा 🙏

मृण्मयी, बी-४०२: काकू मीच निवडला, आणि नोटीसमध्ये खोटं काहीच नव्हतं. रिबेका, १९४० चा, दिग्दर्शक हिचकॉकने अमेरिकेत केलेला पहिला पिक्चर आणि त्या वर्षी बेस्ट पिक्चरचं ऑस्कर मिळालेला. त्यात भूत नाही, रक्त नाही, आणि जिच्यामुळे सगळे घाबरतात ती रिबेका, म्हणजे नवऱ्याची वारलेली पहिली बायको, तर एकदाही पडद्यावर येत नाही. प्रेमकथेतूनच भीती वर येते, याला गॉथिक रोमान्स म्हणतात. मी २०१५ चा क्रिमसन पीक लावला असता तर अर्धी सी विंग आज सकाळी मुंबई नाक्यावर बॅगा घेऊन उभी असती.

सोनवणे, ए-५०३: सी विंगच का

आहेर स्वाती, सी-३०३: हो सी विंगच का? पाणी पण आम्हालाच कमी, घाबरायचं पण आम्हीच

बागूल काका, सी-१०४: पाण्याचा विषय वेगळा घ्या. प्रोजेक्टरचं भाडं कुठल्या फंडातून दिलं?

जोशी सर, बी-३०१: थोडं बोलू का. हा प्रकार काल-परवाचा नाही. जेन एअर ही कादंबरी १८४७ ची, त्यातही गरीब मुलगी, मोठं घर, तुसडा मालक, आणि वरच्या मजल्यावर कोंडून ठेवलेली पहिली बायको. रिबेका त्याच घराण्यातली. आणि लांब कशाला जायचं, आपला महल घ्या १९४९ चा, अशोककुमार मधुबाला. दोन तास आपण भूत समजून घाबरतो आणि निघते कोण, तर तिथल्या माळ्याची मुलगी

गायकवाड वहिनी, बी-१०२: सर!!! मी बघितला नव्हता महल

जोशी सर, बी-३०१: वहिनी, पाऊणशे वर्षं झाली त्याला 🙏

सोनवणे, ए-५०३: सर आपली नाशिकची आनंदवल्ली पण त्यातलीच ना? राघोबादादांनी बायकोच्या नावावरून गावाला नाव दिलं म्हणतात, इथवर रोमान्स. मग १७७३ ला शनिवारवाड्यात पुतण्या ओरडत पळतोय. आणि आपण त्याच गंगापूर रोडवर ईएमआय भरतोय

शिंदे (सेक्रेटरी): कृपया विषयाला धरून बोलावे.

कुलकर्णी काकू, ए-२०१: तेच म्हणते मी. विषय हा आहे की लहान मुलं होती. आणि सबटायटल इंग्रजी, ते पण इतके बारीक. मृण्मयी तू हुशार आहेस गं, पण सोसायटी म्हणजे फिल्म क्लब नाही.

मृण्मयी, बी-४०२: ओके काकू. पुढच्या वेळी कार्टून लावू.

आहेर स्वाती, सी-३०३: मला एक सांगायचंय, रागवू नका कोणी. मला त्या खिडकीपेक्षा जास्त भीती कुठे वाटली सांगू, ती नवी सून टेबलावरची चिनी मातीची छोटी मूर्ती चुकून फोडते आणि तुकडे गुपचूप ड्रॉवरमध्ये मागे सारून ठेवते, स्वतःच्याच घरात. नंतर नोकरावर आळ येतो तरी तिला पटकन बोलता येत नाही. टेबलावरच्या वस्तूंवर सुद्धा पहिल्या बायकोच्या नावाचं अक्षर. लग्न होऊन मी सिडकोच्या घरात आले तेव्हा कढई कुठली, कोणाची, कुठल्या खिळ्याला टांगायची हे सगळं आधीच ठरलेलं होतं आणि मी विचारायला पण घाबरायचे. याला भूत कशाला लागतं. आणि अख्ख्या पिक्चरमध्ये त्या मुलीला नाव नाही, लक्षात आलं का कोणाच्या?

गायकवाड वहिनी, बी-१०२: अगं हो!! मी तेच शोधत होते, तिचं नाव काय

सोनवणे, ए-५०३: ग्रुपवर पण अर्ध्या बायकांचे नंबर नवऱ्याच्या नावाने सेव्ह आहेत 🤐

बागूल काका, सी-१०४: मी तिसऱ्यांदा विचारतोय. भाडं कुठल्या फंडातून?

शिंदे (सेक्रेटरी): बागूल साहेब, गणपतीची शिल्लक आहे त्यातून. मीटिंगमध्ये सांगितलं होतं. आपण त्या मीटिंगला नव्हता.

बागूल काका, सी-१०४: मी नव्हतो कारण नोटीस माझ्या विंगला लागलीच नाही. गणपतीचे पैसे इंग्रज बाईच्या पिक्चरला, छान.

जोशी सर, बी-३०१: त्या हाउसकीपरची एक गंमत सांगतो. हिचकॉकने तिला चालताना जवळजवळ दाखवलंच नाही. मुलगी वळते तर ती तिथे उभीच. कधी आली, कुठून आली, पत्ता नाही. मुलं घाबरली ती त्यानेच, खिडकी नंतर आली.

सोनवणे, ए-५०३: बागूल काका पण पार्किंगमध्ये असेच असतात

बागूल काका, सी-१०४: सोनवणे, तुमची गाडी माझ्या लाईनच्या आत लावलेली असते म्हणून मला उभं राहावं लागतं.

कुलकर्णी काकू, ए-२०१: बरं ऐका. आम्ही ते फॅन्सी ड्रेसच्या पार्टीपर्यंत बसलो, ती जिन्यावरून तो पांढरा झगा घालून उतरते, नवरा ओरडतो आणि मग ते खिडकीचं, तेव्हा मी सगळ्यांना घेऊन खाली आले. आता सासूबाई सकाळपासून विचारताहेत की त्या हाउसकीपरचं पुढे काय झालं आणि नवऱ्याने पहिलीला मारलं का. त्यांना आवडला म्हणे. कोणीतरी सांगा, त्या जेवत नाहीयेत.

मृण्मयी, बी-४०२: 😳 आजींना आवडला?

जोशी सर, बी-३०१: पुस्तकात नवरा तिला गोळी घालतो. पिक्चरमध्ये भांडणात ती पडते आणि डोक्याला लागून मरते, कारण तेव्हाच्या हॉलिवूडच्या नियमात खुनी माणूस शिक्षेशिवाय सुटलेला चालत नसे. हाउसकीपर शेवटी घराला

गायकवाड वहिनी, बी-१०२: सर थांबा!!!! आम्ही पण मध्येच उठलो होतो, पेन ड्राइव्ह घेणार आहे मी

जोशी सर, बी-३०१: बरं, आजींना मी फोनवर सांगतो.

मृण्मयी, बी-४०२: मग पुढच्या शनिवारी कोहरा लावू का? १९६४, हेमंतकुमार निर्माते, वहिदा रेहमान, रिबेकावरूनच घेतलाय. हिंदी आहे, सबटायटलचा प्रश्न नाही. आणि ती काळ्या कपड्यातली बाई आहे ना, तिच्या जागी ललिता पवार.

सोनवणे, ए-५०३: म्हणजे आपल्या येवल्याच्या! काकू आता बोला. जिल्ह्याचा मान आहे.

आहेर स्वाती, सी-३०३: ललिता पवार सुनेला छळणार आणि आपण त्याला सस्पेन्स म्हणणार 😄 चालेल, मी येते

कुलकर्णी काकू, ए-२०१: लहान मुलांना आठनंतर खाली पाठवायचं असेल तर माझी हरकत नाही. पण नोटीसमध्ये स्पष्ट लिहा. आणि लिफ्ट चालू पाहिजे, मी परत सासूबाईंना उचलून आणणार नाही.

शिंदे (सेक्रेटरी): लिफ्टवाला बुधवारी येतो म्हणालाय.

गायकवाड वहिनी, बी-१०२: कुठल्या बुधवारी ते पण विचारा