अनुभव धागा: गावात बसून प्रोग्रॅम लिहिला, तर भाषा कोणती निवडली?

मंडळी, मी दारव्ह्याला संगणकाचे वर्ग घेतो. परवा दोन पोरांनी विचारलं, "सर, प्रोजेक्ट कशात करू? पायथन, पीएचपी की जावास्क्रिप्ट?" मी सवयीनं पायथन म्हणून मोकळा झालो. घरी आल्यावर ते उत्तर मलाच खटकलं, कारण माझं स्वतःचं सगळ्यात किचकट काम ज्या भाषेनं तडीस नेलं ती पायथन नव्हतीच.

म्हणून हा धागा. तालुक्याच्या गावी, खेड्यात, जुन्या मशीनवर, येत्या-जात्या लायटीत ज्यांनी काही चालतं केलं त्यांनी लिहावं. कोणती भाषा भारी हा वाद नको. काम काय होतं, काय निवडलं, कुठं अडलं, बदलावं लागलं का, हे सांगा.

आधी माझं. एका ग्रामपंचायतीची घरपट्टीची यादी, म्हणजे नमुना ८, कृतीदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली होती आणि ती युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठराविक क्रमांक असलेल्या पद्धतीत, आणायची होती. कृतीदेवची फाईल आतून इंग्रजी अक्षरांचीच असते, फॉन्ट काढला की 'वर्धा'चं काहीच उरत नाही. शिवाय क्रम वेगळा. कृतीदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप होते आणि अक्षर नंतर, युनिकोडमध्ये आधी अक्षर मग वेलांटी. रफाराचं उलटं: 'वर्धा' लिहिताना व, मग धा आणि सगळ्यात शेवटी रफार. युनिकोडला तो र धा-च्या आधी लागतो. म्हणजे नुसती अक्षरं बदलून भागत नाही, उचलून जागा बदलावी लागते.

पायथननं सुरुवात केली. अदलाबदल जमली, पण पुढं शब्द वेगळे काढताना घोळ झाला. 'यवतमाळ'चे दोन तुकडे होऊन आले: 'यवतम' आणि 'ळ'. मधला काना गायब. दोन रात्री मी माझ्याच कोडमध्ये चूक शोधत बसलो. कारण भलतंच निघालं: पायथनसोबत येणारं, मजकुरात शोधाशोध करणारं 're' मॉड्यूल 'बॅकस्लॅश डब्ल्यू'मध्ये (म्हणजे 'शब्दातलं कोणतंही अक्षर' या खुणेत) काना-मात्रा-वेलांटीला अक्षर समजत नाही. पर्ल समजते. ती १९८७ची, लॅरी वॉल यांची भाषा, मजकूर कापायला-जोडायलाच जन्मलेली. फाईल यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) आहे हे सुरुवातीलाच सांगितलं की पर्लमध्ये 'यवतमाळ' एकसंध राहतं. सगळी यादी मी पर्लमध्येच पार पाडली. पायथनसाठी 'रेजेक्स' नावाचं वेगळं मॉड्यूल मिळतं आणि त्यात हे दुखणं नाही, ते नंतर कळलं. आता तुमचं सांगा.

हिंगणघाटहून, जिनिंगमध्ये हिशेब पाहतो

आमच्याकडं कापसाच्या गाड्या काट्यावर येतात. वजन डोळ्यानं पाहून पावतीवर लिहायचं, मग रात्री एक्सेलमध्ये भरायचं. सीझनमध्ये एखादा आकडा इकडचा तिकडं होतेच, आणि मग शेतकरी समोर उभा असते. त्याचा माल, त्याचा घाम. ती चूक मला सहन होत नव्हती. म्हणून काट्याच्या डिस्प्लेतून केबलनं वजन थेट कॉम्प्युटरात घ्यायचं ठरवलं.

भाषा पायथनच घेतली, कारण केबलवरून येणारी माहिती वाचणारं 'पायसीरियल' मॉड्यूल आयतं मिळते. अडलो इन्स्टॉल करतानाच. मशीन विंडोज ७, दोन जीबी रॅम. नवीन पायथन बसेचना. ३.९पासून पुढचं विंडोज ७वर चालतच नाही, ३.८ हे शेवटचं. तेच टाकलं. ३.८ला २०२४पासून सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, म्हणून त्या मशीनला नेट जोडलेलंच नाही. मग मॉड्यूल कसं आणलं? घरच्या लॅपटॉपवर पिपनं (पायथनची मॉड्यूलं आणायची सोय) डाऊनलोड करून पेन ड्राइव्हवर नेलं.

दुसरी अडचण सांगतो, कोणाच्या कामी येईल. काटा सारखं वजन पाठवत राहते. प्रोग्रॅम मध्येच ऐकायला लागला तर १२४८०चं नुसतं ४८० हाती येते. आता मी पहिली ओळ फेकून देतो, दुसरीपासून घेतो, आणि लागोपाठ पाच वेळा तोच आकडा आला तरच गाडी स्थिर झाली असं मानतो.

पुसदहून, पतसंस्थांची कामं घेणारा

मी पीएचपीवाला. स्वस्तातलं होस्टिंग, कुठंही मिळते, फाईल चढवली की चालू. पण जुन्या पद्धतीनं लिहिलेलं माझं एक काम एका सकाळी कोरं पांढरं पान दाखवायला लागलं. होस्टिंगवाल्यानं पीएचपी ७ केली होती, आणि त्यात डेटाबेसशी बोलणारी जुनी 'मायएसक्यूएल_' फंक्शनं काढून टाकलेली. पूर्वसूचना आली होती, मी वाचली नव्हती. तीन दिवस संस्थेचा व्यवहार वहीवर चालला. सगळं पीडीओ या दुसऱ्या पद्धतीवर आणलं तेव्हा सुटलो.

नव्या पोरांना एक सांगणं: मराठी नावांची लांबी 'स्ट्रलेन'नं मोजू नका. ते बाइट मोजते. 'यवतमाळ' (काना वेगळा धरून) सहाऐवजी अठरा येते. 'एमबी_स्ट्रलेन' वापरा.

मोर्शी तालुका, संत्र्याची बाग

बाप्पा, मी काही इंजिनियर नाही. आंबिया बहाराला ताण (झाडाचं पाणी बंद ठेवणं) कधी तोडायचा, पाणी किती द्यायचं, यासाठी मातीतली ओल मोजायची होती. ईएसपी८२६६ची छोटी पाटी (प्रोग्रॅम चालवणारी इवलीशी चिप) आणि एक सेन्सर घेतला. त्या पाटीवर ल्युआही चालते, मायक्रोपायथन म्हणजे अशा पाट्यांसाठीचं छोटं पायथनही. ल्युआ ब्राझीलच्या विद्यापीठातून १९९३ साली आलेली लहानशी भाषा, मेमरी कमी खाते. पण माझ्या भाच्याला पायथन येत होतं, आणि रात्री अडलं तर फोन त्यालाच लावायचा होता. म्हणून मायक्रोपायथन.

पहिले दोन आठवडे मजेत गेले. मग मी त्यात तारीख, बॅटरी, दोन सेन्सर असं काय काय घालत गेलो आणि मेमरी संपल्याची सूचना येऊ लागली. भाच्यानं फाईल आधी लॅपटॉपवर कंपाइल करून 'एमपीवाय' रूपात टाकली, तेव्हा बसली. दुसरं, बॅटरी वाचवायला पाटी झोपवतो, पण ती परत उठेचना. डी० आणि रीसेट या दोन पिना तारेनं जोडाव्या लागतात. एका तारेपायी मी चार वेळा बागेत चकरा मारल्या.

तिरोडा तालुका, जि. प. शाळा

नमस्कार. आम्हाला शालेय पोषण आहाराचा तांदूळ रोज जुळवावा लागतो. पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, गुणिले हजेरी, वजा शिल्लक. शाळेत एकच संगणक, तोही कधी चालू कधी बंद. मी काहीच इन्स्टॉल केलं नाही. गुगल शीटमधलं ॲप्स स्क्रिप्ट वापरलं, ते जावास्क्रिप्टच आहे. मॅडम लोक फोनवरच हजेरी भरतात.

आधी एकेक चौकट वाचत होते, वर्षाचा ताळा करताना सहा मिनिटांची मर्यादा संपून स्क्रिप्ट बंद पडायची. अख्खा तक्ता एकदाच वाचून घेतला तर काही सेकंदांत होतं.

धारणीहून

थोडक्यात लिहितो. एका कामासाठी रुबी ऑन रेल्स निवडलं. लिहायला इतकी देखणी भाषा मी दुसरी पाहिली नाही, आजही मन तिच्यातच आहे. पण मी दोन वर्षांनी ते काम सोडलं तेव्हा पंचक्रोशीत रुबी वाचणारं कोणी सापडलं नाही. सगळं पीएचपीत नव्यानं लिहिलं गेलं. त्या लोकांचा वेळ माझ्यामुळं गेला याचं अजून वाईट वाटतं.

धानोरा, गडचिरोली. बी.एस्सी. दुसरं वर्ष

सर, माझ्याजवळ लॅपटॉप नाही. फोनवर टर्मक्स टाकलं आहे, त्यात प्रोग्रॅम लिहिता-चालवता येते. आमच्या ग्रामसभेचा तेंदूपत्त्याचा हिशेब राहते: कोणत्या घरानं कोणत्या दिवशी किती पुडे (पानांच्या जुड्या) आणले आणि दरानं किती पैसे झाले. आधी पायथनच टाकणार होते, पण गावात रेंज नाही, रोडवर टेकडीजवळ येऊन डाऊनलोड करावं लागते. ऑक ही भाषा लहान आहे, म्हणून तेच घेतलं. १९७७चं आहे; आल्फ्रेड अहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निघन या तिघांच्या आडनावांवरून नाव पडलं. माझा प्रोग्रॅम अकरा ओळींचा.

पहिल्याच दिवशी बेरीज फार कमी आली. ओळी तपासल्या तर काही घरांचे पुडे शून्य धरलेले. मुन्शीनं काही आकडे इंग्रजीत, काही मराठीत टाइप केले होते. ऑकला '१२५' म्हणजे आकडाच वाटत नाही, तो शून्य धरते आणि चूकही दाखवत नाही. लोकांनी उन्हात तोडलेला पत्ता आणि माझ्या फोनमध्ये तो शून्य, मला रडूच आलं. मग दहाही अंक आधी बदलून घेणाऱ्या ओळी घातल्या, आणि बेरीज मुन्शीच्या वहीशी दोनदा ताडून पाहिली.

दारव्हा (धागाकर्ता)

ताई, हे फार मोलाचं लिहिलंस. तुझं वाचून मी आत्ता बसून पाहिलं. पायथनचा 'इंट' (मजकुराचा आकडा करणारा) '१२५' बरोबर एकशे पंचवीस वाचतो. पीएचपी शून्य करते, जावास्क्रिप्ट 'हा आकडा नाही' म्हणते. ज्या पर्लचं मी वर एवढं कौतुक केलं तीही शून्यच धरते. म्हणजे माझ्या घरपट्टीच्या यादीतल्या रकमा मला परत तपासायच्या आहेत, उद्याच बसतो.

पुसदच्या भाऊंना विचारायचं होतं, दोन फायलींत 'शेतकऱ्याचे नाव' असं एकच शीर्षक असून जुळत नाही, असं झालं का कधी?

पुसद

झालं ना भाऊ. अर्धा र दोन तऱ्हेनं टाइप होते. एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्याला एकसारखं, आतून वेगळं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) केलं तरी ते एक होत नाहीत, मी स्वतः बदलून घेतो. हे कोणत्याही भाषेत करावंच लागते.

दारव्हा (धागाकर्ता)

धानोऱ्याच्या ताई, आणखी एक. तू पुढं शिकायला बाहेरगावी गेलीस तर हा हिशेब कोण चालवणार?

धानोरा

लहान बहीण, सर. दहावीत आहे. प्रत्येक ओळीवर मी मराठीत लिहून ठेवलं आहे की ही ओळ काय करते. मागच्या आठवड्यात मी कॉलेजला होते तेव्हा ग्रामसभेनं दर बदलला. तिनं फाईल उघडली, 'इथे दर लिहा' असं जिथं लिहिलं होतं तिथला आकडा बदलला आणि वहीशी बेरीज ताडून मला फोटो पाठवला. जुळली होती.