चेंडू लागल्यावर दोन-दोन दिसतंय, थांबू नका
ताई, मुलाला वर बघताना दोन-दोन दिसतंय, उलट्याही होतायत; त्यावर आधीच्या उत्तरात कुणी ‘सूज उतरेपर्यंत दोन आठवडे थांबा’ लिहिलंय. तो सल्ला मोठ्यांसाठी, तोही सगळ्यांसाठी नाही. मुलांचं हाड लवचिक. मार बसला की डोळ्याच्या खोबणीचा तळ फटीसारखा उघडून परत मिटतो आणि डोळा खाली वळवणारा स्नायू त्यात चिमटतो. बाहेरून डोळा पांढराशुभ्र, म्हणून फसगत होते. उलट्या, मंद नाडी त्या चिमटलेल्या स्नायूच्या ताणानेही होतात (डोक्याचा मारही तपासून घ्याच). रक्तपुरवठा तुटला की स्नायू कायमचा आखडतो. २४ ते ४८ तासांत सोडवायला हवा. सांगलीहून आजच मिरज गाठा, खोबणीचा पातळ छेदांचा सीटी स्कॅन करून घ्या. नाक शिंकरू देऊ नका, सायनसमधली (नाकाशेजारच्या पोकळीतली) हवा खोबणीत शिरते. नंतरही काही आठवडे दोन दिसू शकतं, तेव्हा चष्म्याला चिकटवायचा प्रिझम (दोन प्रतिमा जुळवणारी पातळ पट्टी) चालतो.