क्वाड ४०५ ला जुळणारा प्रीअँप्लिफायर कोणता घ्यावा?

नमस्कार. फोंड्याच्या घरी काकांचा क्वाड ४०५ हा पॉवर अँप्लिफायर (स्पीकरला ताकद देणारा) असून, सोबतचा प्रीअँप्लिफायर (त्याच्या आधी जोडायचा, आवाज कमी-जास्त करणारा) पावसाळी दमट हवेने इतका खरखरतो की आवाजाचे बटण जरा फिरवले तरी डावा स्पीकर गप्प होतो. अडचण अशी की ४०५ ला पूर्ण १०० वॅटसाठी अर्धा व्होल्ट पुरतो, तर सीडी प्लेयर २ व्होल्टपर्यंत देतो. त्यामुळे उसना प्रीअँप्लिफायर जोडून बटण किंचित हलवताच शेजारी दारात आले. शिवाय ४०५ चा इनपुट इम्पिडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विद्युत विरोध) २० किलोओहमच असल्याने, जास्त आउटपुट इम्पिडन्सचा व्हॉल्व्ह (निर्वात नळ्यांचा) प्रीअँप्लिफायर घेतल्यास खर्ज पातळ होईल, अशी भीती वाटते. कमी गेनचा (सिग्नल कमी वाढवणारा), फोनो इनपुट असलेला (नाट्यसंगीताच्या तबकड्या काही सोडवत नाहीत) ट्रान्झिस्टरचा प्रीअँप्लिफायर कोणी सुचवेल का, की मधे अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) बसवून भागेल?