सनद आहे, अनुभव नाही. नाशिकमध्ये राहून घरून वकिलीचं काम कुठे मिळेल?

नवी_सनद_सिडको
नमस्कार. लग्नानंतर तीन वर्षांचं एलएलबी केलं, मागच्या वर्षी सनद (वकिलीचा परवाना) मिळाली, एआयबीई ही बार कौन्सिलची परीक्षाही पास झाले. मुलगी चौदा महिन्यांची आहे. मिस्टर अंबडला कंपनीत, शिफ्ट फिरती. मुलीला सांभाळायला घरात दुसरं कोणी नाही. सीबीएसला जिल्हा कोर्टात एका सरांकडे दीड महिना बसले, तारखा लिहून घेणं आणि पानांना नंबर टाकणं एवढंच झालं. मग मुलगी आजारी पडली आणि ते सुटलं.

आता घरून काम शोधतेय. जाहिरातींत सगळीकडे 'किमान दोन वर्षांचा अनुभव' आणि 'उत्तम इंग्रजी ड्राफ्टिंग'. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. एकीकडे 'लीगल टायपिंग' द्यायला तयार आहेत, पण आधी २,५०० रुपये अनामत मागतात. भरू का? आणि पुढे जेएमएफसीची (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाची) परीक्षा द्यायची आहे. घरून केलेलं काम प्रॅक्टिसमध्ये धरतात का?

सातपूरचा_भाऊ
ताई, एक रुपयाही भरू नका. माझ्या मावसभावाने असेच भरले होते. आठ दिवस टायपिंग केलं, मग 'चुका जास्त, करारभंग झाला' म्हणून वकिलाच्या नावाची नोटीस व्हॉट्सॲपवर आली आणि आणखी पैसे मागितले. तो घाबरून देणारच होता. आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार केली. काम देणारा माणूस पैसे देतो, मागत नाही.

सर्च_रिपोर्ट_गंगापूर_रोड
वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते. तुझं मराठी हीच तुझी जमेची बाजू आहे, आणि जाहिराती बघून तू तीच कमी समजतेयस.

मी नऊ वर्षं घरून टायटल सर्चचं, म्हणजे जमिनीच्या मालकीचे जुने कागद तपासण्याचं काम करते. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा कोर्ट सुटलं. पहिलं काम मुंबईच्या एका वकिलांचं. दिंडोरी तालुक्यातली जमीन, ४१ फेरफार, बरेचसे हस्ताक्षरातले, शाई पसरलेली. त्यांच्या ऑफिसात कायदा सगळ्यांना येत होता, पण तलाठ्याचं अक्षर लागत नव्हतं. मी चार दिवस बसले. एका जुन्या सातबाऱ्यावर इतर हक्कात 'कुळकायदा कलम ४३ ला पात्र' असा शेरा होता, पुढच्या उताऱ्यावर तो उतरलाच नव्हता. असा शेरा असला की विक्रीला परवानगीचा नाहीतर नजराण्याचा (सरकारला भरायच्या रकमेचा) प्रश्न येतो. मी ते ठळक करून कळवलं. इंग्रजी माझं आजही साधंच आहे, पण त्या एका ओळीमुळे पुढचं काम आलं.

तू असं कर. माहेरची किंवा सासरची जमीन घे. जुने सातबारे आणि फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी साइटवर स्कॅन केलेले मिळतात, इंडेक्स दोन (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर बघता येतो. ३० वर्षांची साखळी लाव: जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, कोणत्या फेरफाराने, वारस कोण लागले, सोसायटीचा बोजा चढला तो उतरला का. रिपोर्ट लिही, नावं झाक, आणि बँकांच्या पॅनलवरच्या पंधरा-वीस वकिलांना पाठव. नुसतं 'काम द्या' म्हणू नकोस, सोबत तो रिपोर्ट जोड. होमलोनच्या फायली त्यांच्याकडे तुंबलेल्या असतात. सही त्यांची असते, म्हणून सुरुवातीला ते तुझी प्रत्येक ओळ तपासतील. तपासू दे, तेच तुझं शिक्षण. पक्षकारांसाठी मात्र जाहिरात करू नकोस, बार कौन्सिलच्या नियम ३६ ला ते चालत नाही.

निफाड_कोर्ट
आमच्याकडे द्राक्षाचा हंगाम संपला की व्यापाऱ्यांचे चेक परत यायला लागतात. चेक न वटल्याची कलम १३८ची नोटीस बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत जावी लागते, पुढे पैसे द्यायला १५ दिवस, आणि तेही गेले की एका महिन्यात फिर्याद. एक तारीख चुकली तर शेतकऱ्याचं वर्ष बुडतं. मे महिन्यात मला मसुदा करणारं माणूस लागतंच. मी कागद मोबाईलवर पाठवतो, मसुदा घरून येतो, नोटिशीमागे ३०० रुपये देतो. तालुक्याच्या कोर्टांत विचारा, माझ्यासारखे आणखी असतील.

जेएमएफसीबद्दल: २० मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तीन वर्षं प्रॅक्टिसची अट परत आली. ती बार कौन्सिलकडच्या प्रोव्हिजनल (तात्पुरत्या) नोंदणीपासून मोजतात. दाखला दहा वर्षं प्रॅक्टिस झालेल्या वकिलाचा लागतो आणि त्यावर न्यायाधीशांचं प्रमाणनही लागतं. म्हणून आठवड्यातून दोन दिवस का होईना कोर्टात उभ्या राहा, वकीलपत्रावर नाव येऊ द्या. कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली तर नियम ४९ प्रमाणे सनद स्थगित करावी लागते, मग ती वर्षं मोजणीतून गेली.

नवी_सनद_सिडको
२,५०० भरले नाहीत. मुलगी झोपल्यावर वडिलांच्या सिन्नर तालुक्यातल्या गटाचे फेरफार काढले. १९८७ च्या वारस नोंदीत आत्याचं नाव आहे, १९९४ च्या सातबाऱ्यावर नाही. हक्कसोड पत्र घरात कोणाला माहीत नाही. हे रिपोर्टमध्ये कसं लिहू? वडिलांना विचारायचीही भीती वाटते.

सर्च_रिपोर्ट_गंगापूर_रोड
'१९८७ ते १९९४ दरम्यान सदर नाव कमी झाल्याचा फेरफार उपलब्ध अभिलेखात आढळून आला नाही' एवढंच लिही. आत्याचा हक्क संपला असंही नको, आहे असंही नको. आणि ते लिहिण्याआधी मधल्या सात वर्षांची फेरफार नोंदवही तलाठी कार्यालयात पानपान बघून ये. जुन्या स्कॅनमध्ये पानं सुटलेली असतात. वडिलांना विचारशील तेव्हा कागद हातात असू दे. रिपोर्ट झाला की मला मेसेजमध्ये पाठव, मी वाचून देते.