वीन-द्रूए की विंद-रूए? (नॉर्वेजियन जोडशब्द कुठे तोडायचा)

चिंचगूळ
ओस्लोजवळ राहते, सात वर्षं झाली. एका नॉर्वेजियन गोष्टीतली वाक्यं देवनागरीत उतरवून खाली मराठी अर्थ लिहितेय, म्हणजे सुट्टीत सातारला गेल्यावर आजीला नातीबरोबर वाचता येईल. पहिल्याच पानावर द्राक्षांवर गाडी अडली. अक्षरं अशी: व्ही, आय, एन, डी, आर, यू, ई. मी 'विंद-रूए' लिहिलं, कारण 'विंद' म्हणजे वारा हे मला ठाऊक. पहिलीतली लेक हसून लोळायची बाकी राहिली. "आई, वारा कुठून आणलास? वीन-द्रूए!" वीन म्हणजे वाइन, द्रूए म्हणजे द्राक्ष. वर हेही तिनंच सांगितलं की वाऱ्यातला डी मुळात बोलतच नाहीत, नुसतं 'विन्न'. म्हणजे मी दोन्हीकडून आपटले.
तर मध्ये रेघ द्यावी का? आणि अनोळखी शब्दात सांधा कुठे आहे हे ओळखायचं कसं?

ओस्लोकर
ओळखायची युक्ती नाही, सुटे शब्द माहीत असावे लागतात. उच्चारात मात्र खूण मिळते. मुख्य आघात पहिल्या शब्दावर, दुसऱ्यावर त्याहून हलका. शिवाय वीन लांब, विन्न आखूड. कान तयार झाला की सांधा ऐकू येतो.
जोडशब्द तोडून लिहिणं हे तिथल्या मास्तरांचं कायमचं दुखणं. त्याला 'सॅश्क्रीविंग' म्हणतात. हा शब्दच बघा: सॅर + स्क्रीविंग, पण सांध्यावर र आणि स भेटले की आमच्याकडे त्यांचा श होतो. लाम्मेलोर म्हणजे कोकराची तंगडी, 'लाम्मे लोर' म्हणजे लुळ्या मांड्या. एका दुकानातल्या पाटीवर अननसाच्या फोडी मध्ये जागा सोडून लिहिल्या होत्या, 'आनानास बीतेर'. म्हणजे झालं 'अननस चावतो'. (अननस तिकडेही अननसच, बरं का.)

टवाळ
आपल्याकडे 'पाणी पुरवठा खाते' अशी तोडून पाटी लावतात. पुरवठा कोण खाते ते सगळ्या गावाला माहीत असतं.

खिळेजुळारी
टवाळराव, विनोद बाजूला ठेवा, तो 'पाणीपुरवठा' असा एकत्रच हवा. समास तोडून लिहिणं हा इंग्रजीच्या संगतीचा रोग आहे. 'रक्त दान', 'वृक्ष तोड', काय वाट्टेल ते. मी अठ्ठावीस वर्षं मुद्रितं तपासली. खिळे जुळवायच्या काळात ओळीच्या टोकाला 'सभाप-' आणि खालच्या ओळीत 'ती' आलेलं मी स्वतः पकडलंय. अध्यक्ष गावचेच होते.

ओस्लोकर
काका, मग हे तुम्हाला आवडेल. रात्रीची गाडी म्हणजे नात्त + तोग. जोडताना तीन टी एकापुढे एक येतात, म्हणून एक गाळून दोनच लिहितात. पण ओळीच्या शेवटी शब्द तुटला तर गाळलेला टी परत येतो! वरच्या ओळीत दोन, खालच्या ओळीत एक. बुस + स्तोप म्हणजे बसथांबा, त्यातही एस तसाच पुन्हा उगवतो.

खिळेजुळारी
वा! ही झाली शिस्त.
'नात्त' म्हणजे आपलं संस्कृत 'नक्त' (रात्र) ना? प्रदोषाला नक्त करतात तेच. आणि 'तोग' हा टांगा असावा अशी मला दाट शंका आहे.

ओस्लोकर
नक्त बरोबर, सख्खं नातं आहे. टांगा नाही. तोग हा जर्मन 'त्सुग'चा भाऊ, मूळ अर्थ ओढणं.

खिळेजुळारी
टांगासुद्धा ओढतातच.

बर्गनवाली
वर 'आमच्याकडे श होतो' म्हटलंय ते पूर्वेकडचं. आम्ही पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गनचे लोक र घशातून काढतो, त्यामुळे र आणि स वेगवेगळे राहतात. सॅर-स्क्रीविंग! ओस्लोचा उच्चार म्हणजेच नॉर्वेजियन असं समजू नका, तिथली माणसं आपापली बोली दूरदर्शनवरही सोडत नाहीत. मुलांच्या पुस्तकात तरी घोळ करू नका.

ओस्लोकर
पण मराठी माणसाला पूर्वेकडचंच सोपं! मूल म्हणजे बार्न, त्यात र आणि न मिळून चक्क आपला ण: 'बाण'. इंग्रज लोकांना वर्षं लागतात, आपण आईच्या पोटातून ण शिकून येतो. कार्ट म्हणजे नकाशा, त्यातही आपलाच ट.

चिंचगूळ
हे खरंय, माझा ण ऐकून शेजारच्या काकू खूश झाल्या होत्या. पण याच बाणाने घोटाळा केलाय. बालवाडीला म्हणतात बाणेहागे, हागे म्हणजे बाग. आई पहिल्यांदा आली तेव्हा फोनवर मावशीला म्हणाली, "अगं, पोरीला रोज सकाळी हागेत सोडतात." पलीकडून बराच वेळ आवाजच नाही.

टवाळ
इथे सांधा न ओळखलेलाच बरा.

खिळेजुळारी
बालवाडी हा शब्द असताना ते बाणेहागे कशाला? अर्थ मराठीतच द्या.

बर्गनवाली
काका, अर्थ खाली दिलाय, त्या वाचन शिकवताहेत. आणि शुद्धीचा वाद तिकडेही आहेच. लेखनाची दोन रूपं आहेत, बूकमोल आणि न्यूनोर्स्क. एकोणिसाव्या शतकात ईवार ओसेनने खेड्यापाड्यांतल्या बोली हिंडून न्यूनोर्स्कचा पाया घातला. त्या बाजूचे कट्टर लोक जर्मन वळणाचे 'आन-', 'बे-' लावलेले शब्द दिसले की नाक मुरडतात.

ओस्लोकर
न्यूनोश्क.

बर्गनवाली
न्यूनोर्स्क.

लेखनदुरुस्ती
आताच आलो, सगळं वाचलं नाही. सांध्याचा विषय आहे म्हणून सांगतो. आमच्या नाक्यावर 'उपहारगृह' अशी नवी पाटी लागली आहे. उपहार म्हणजे भेटवस्तू. उप + आहार = उपाहार. मालकाला सांगितलं तर म्हणतो, काका, वडे खपतात ना?

खिळेजुळारी
अगदी! मी तर अशा ठिकाणी चहासुद्धा घेत नाही.

टवाळ
मग पुण्यात तुम्हाला उपाशीच राहावं लागेल.

बर्गनवाली
लोक सर्रास लिहितात तर तेही रूढ माना की. 'हातगाडी'त मधल्या त चा अ आपण खातोच, कोण 'हा-तगाडी' म्हणतं?

लेखनदुरुस्ती
तो उच्चार झाला, हे लेखन आहे. रूढीच्या नावाखाली काहीही खपवायचं का?

चिंचगूळ
द्राक्षांचं मी ठरवलं, रेघ देऊन वीन-द्रूए. पान ५ वर रात्रीची गाडी येते. ती 'नात्तोग' लिहू, 'नात-तोग' की 'नात्त-तोग'? शुक्रवारी विमान आहे, बॅगा भरायच्यात.

लेखनदुरुस्ती
@खिळेजुळारी, अल्पोपाहार मात्र काही लोक बरोबर लिहितात, हे लक्षात आलंय का तुमच्या?